बाबांना विचारा: दहा, बारा की एक?

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय ४६. डॅलसच्या उत्तरेला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, दोन वर्षांपूर्वी अमेरिकन नागरिक झालो. वडील महाराष्ट्र पोलिसात हवालदार होते, बरीचशी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली. पोलीस लाइनीत राहायचो तेव्हा ड्युटी संपवून कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, रायफल जमा करायला निघालेले बाबा अजून डोळ्यांसमोर आहेत. 'थ्री-नॉट-थ्री' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो. हात मात्र कधी लावू दिला नाही.

आता तशी एखादी जुनी लष्करी रायफल घ्यावी, जपावी आणि महिन्यातून एकदा रेंजवर चालवावी असं मनात आहे. ऑफिसातले मित्र म्हणतात, रशियन मोसिन घे, स्वस्त असते. शेजारी निवृत्त मरीन आहेत, ते म्हणतात, एम-वन गरँड सोडून काही घेऊ नकोस. आणि मला एका जाहिरातीत 'ईशापूर एनफिल्ड .३०३, १९६६' दिसली. फोटो जोडले आहेत. सगळं मिळून बाराशे डॉलर खर्च करू शकतो. मेव्हणा एच-१बीवर आहे, त्यालाही हवी आहे. माझ्या नावावर दोन घेतल्या तर? बायकोला घरात बंदूक नको आहे, मुलगी नऊ वर्षांची आहे. बाबा पुढच्या दिवाळीत येतील, वय ७६. त्यांच्या हातात ती द्यायची आहे.

उत्तर

नमस्कार.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. मग चष्मा बदलून पुन्हा पाहिले. ती थ्री-नॉट-थ्री नाही.

मॅगझिन बघा. जुन्या .३०३ एनफिल्डच्या मॅगझिनचा तळ तिरका असतो, पुढे खोल आणि मागे उथळ. तुमच्या फोटोतलं मॅगझिन खोक्यासारखं चौकोनी आहे. शिवाय साल १९६६. ही बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची २ए१ आहे, काडतूस ७.६२ नाटो. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असेल असं मी म्हणत नाही. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, आणि आपल्याकडे तर दस्त्याला पितळेची पट्टी दिसली की सगळ्यांनाच थ्री-नॉट-थ्री म्हणायची पद्धत. पण काडतुसाच्या बाबतीत हा ढिलेपणा चालत नाही. त्या रायफलमध्ये .३०३ घालून बघायचा विचारही करू नका, आणि खऱ्या .३०३ मध्ये ७.६२ घालायचा तर मुळीच नाही. विकणाऱ्याला रायफलवरच्या शिक्क्यांचा जवळून काढलेला फोटो मागा, त्यावर ७.६२ आणि २ए१ कोरलेलं असणार.

या २ए१ बद्दल इथल्या गन शोमध्ये एक पुडी हमखास ऐकायला मिळते: 'जुन्या .३०३ ला नवी नळी बसवून केलेली आहे, फुटेल.' हे खोटं आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला रायफली कमी पडत होत्या. नवी सेल्फ-लोडिंग रायफल तयार होत होती, पण हवी तेवढी लगेच मिळणार नव्हती. म्हणून ईशापूरच्या कारखान्याने जुन्याच एनफिल्डचा आराखडा घेतला, ७.६२ चा दाब जास्त म्हणून चांगल्या प्रतीचं पोलाद वापरलं आणि बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन लावून रायफल मुळापासून नवी घडवली. पहिली २ए, तिच्या मागच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या पट्टीवर, जुन्यासारखे २००० यार्डांपर्यंतचे आकडे होते. ते ८०० वर आणले, ती २ए१. जगातल्या सैन्यांसाठी घडवलेल्या अगदी शेवटच्या बोल्ट-ॲक्शन रायफलींपैकी, म्हणजे दर गोळीला बोल्ट हा दांडा हाताने मागे-पुढे करायच्या रायफलींपैकी, ही एक. सत्तरच्या दशकात तिचं उत्पादन थांबलं आणि नव्वदच्या दशकात त्या ढिगाने अमेरिकेत आल्या.

तेव्हा रायफल वाईट नाही. प्रश्न एवढाच की तुमच्या बाबांच्या खांद्यावर कोणती होती?

हे त्यांनाच विचारा, पण 'बाबा, तुमची रायफल कुठल्या मॉडेलची होती' असं विचारू नका. ते 'थ्री-नॉट-थ्री' म्हणतील आणि विषय संपेल. विचारा: मॅगझिनमध्ये गोळ्या किती बसायच्या? दहा म्हणाले तर खरी .३०३, बहुधा नंबर वन मार्क थ्री स्टार हे मॉडेल. बारा म्हणाले तर २ए१. सैन्याबरोबर पोलिसांकडेही त्या गेल्या होत्या, म्हणजे तुमच्या जाहिरातीतलीच. आणि 'एकच, दर वेळी हाताने भरायची' असं म्हणाले तर ती पॉइंट फोर-वन-झीरोची मस्केट. एनफिल्डचीच नळी गुळगुळीत करून, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून ती केलेली असे, पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी. बाहेरून हुबेहूब थ्री-नॉट-थ्री. अशा मस्केटही इथे विकायला येतात. त्यांत .३०३ कधीच घालायचं नाही आणि रायफल म्हणून विकतही घ्यायच्या नाहीत.

तीस वर्षं रायफल वागवलेला माणूस हा आकडा विसरत नाही. मी तर कॉलेजात सांगलीला एनसीसीत होते, हातात पॉइंट टू-टू यायची ती वर्षातून दोनदा, तरी उस्तादांचा 'मक्खी पे नजर, साँस रोक' हा आवाज अजून कानात आहे. मक्खी म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची खूण. कवायतीला मात्र डीपी रायफली असत. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीची. हे शब्द लक्षात ठेवा. एनफिल्डवर कुठेही, लाकडावर, नळीवर, बोल्टवर 'डीपी' ठोकलेलं दिसलं तर ती भिंतीवर लावायची वस्तू. काही जण ती अक्षरं घासून काढतात, म्हणून घासल्याच्या खुणाही बघा.

आता मित्रांच्या मोसिनबद्दल. तुमचे मित्र पंधरा वर्षांपूर्वीच्या बाजारात वावरताहेत. तेव्हा मोसिन-नागांट ९१/३० शंभर डॉलरच्या आत मिळायची, लोक पेटीच्या पेटी घ्यायचे. सोव्हिएत सैन्याने युद्धानंतर त्या दुरुस्त करून, चिकट ग्रीस थापून कोठारांत ठेवल्या होत्या. तो साठा इथे आला आणि संपला. आता तिचे काहीशे डॉलर मागतात. त्या पैशात ती रायफल मला पटत नाही. स्वस्त होती तेव्हा तिचे नखरे चालून जायचे: बोल्ट जड, सेफ्टी ओढायला पैलवान हवा, लोखंडी पट्टीचा दस्ता खांद्यावर निळं वळ उठवतो. आणि तिची स्वस्त काडतुसं. २०२१ च्या सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने मिळत नाहीत, त्यामुळे तीही स्वस्त राहिली नाहीत.

माझी पहिली मोसिनच होती, म्हणून हे हक्काने सांगते. गन शोमध्ये घेतली, सोबत जुनी काडतुसं डबाभर घेतली. शनिवारी सकाळी चाळीस गोळ्या मारल्या, रायफल गाडीतून थेट कपाटात ठेवली आणि दुपारी मंडळाच्या गणपतीला गेले. दोन दिवस तिकडेच, मोदकांच्या उकडीत. सोमवारी रात्री बोल्ट उघडून नळीत बॅटरी मारली तर आत तांबडी माती सारवल्यासारखी. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळालं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. तो हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद खातो. तेलाने मीठ विरघळत नाही. मी नंतर तेल ओतत बसले होते ते व्यर्थ. मिठाला पाणीच लागतं. चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूने, कढत पाणी ओतायचं, नळी कोरडी करायची, चिंदी फिरवायची, मग तेल. त्याच दिवशी, शक्य असेल तर रेंजवरच. चहाचा थर्मास नेतो तसा मी आता पाण्याचा वेगळा थर्मास नेते. दोनदा चुकून चहा ओतायची वेळ आली होती, म्हणून त्यावर लाल चिकटपट्टी आहे.

हे तुम्हाला लागू पडतं, कारण .३०३ ची जुनी काडतुसं बघताना तुम्हाला एक मोह होणार आहे. पुंगळीच्या बुडावर इंग्रजी के आणि एफ ही अक्षरं दिसली की ती आपल्या खडकीची. १८६९ पासूनचा कारखाना. पुण्यातल्या कित्येक घरांतला एखादा काका-मामा तिथे नोकरीला होता. ओहायोतल्या एका टेबलावर माझ्या हातात 'केएफ' लिहिलेली पुंगळी पहिल्यांदा आली तेव्हा मी भाव न करता अख्खं खोकं घेतलं. ते खोकं आजही फळीवर आहे. त्यातलं एकही काडतूस मी उडवलेलं नाही आणि तुम्हीही उडवू नका. प्राइमर गंज आणणारे, आणि वर इतकी वर्षं कोणत्या गोदामात, किती उन्हाळे काढले कोण जाणे. चाप ओढल्यावर 'टक्' होऊन काडतूस क्षणभराने उडण्याचे प्रकार जुन्या मालात होतात. कधी नुसतं 'टक्' झालं तर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबायचं, बोल्टला हात लावायचा नाही. उडवायला नवीन काडतुसं घ्या. सर्बियाचा प्रवी पार्टिझान कारखाना .३०३ बनवतो, चेक सेलिए अँड बेलो बनवतो. एक गोळी डॉलरच्या पुढे पडते. महिन्यातून एकदा चाळीस गोळ्या धरल्या तर वर्षात काडतुसांचा खर्च रायफलीच्या जवळ जातो. म्हणून बाराशे डॉलरची रायफल बघू नका. सात-आठशेच्या आसपास थांबा.

शेजारच्या मरीनकाकांना माझा नमस्कार सांगा. गरँड सोडून काही नको म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, कारण तो बहुतेक बरोबर असतो. १९३६ ला अमेरिकी सैन्याने घेतलेली, पन्नास लाखांच्या वर बनलेली, आठ गोळ्यांची क्लिप आत दाबायची आणि शेवटच्या गोळीला ती 'टिंग' करून बाहेर उडते. वजन आणि गॅसची यंत्रणा यामुळे धक्का कमी लागतो. सरकारने जन्माला घातलेली सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही संस्था त्या विकते. नागरिकत्वाचा पुरावा आणि संलग्न क्लबचं सदस्यत्व लागतं, आणि माल काय दर्जाचा आहे ते ते आधीच सांगतात. नवख्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण तुमच्या बाराशेतला मोठा घास तीच खाईल, तिला जुन्या लष्करी दाबाचीच .३०-०६ काडतुसं लागतात, शिकारीची जोरदार काडतुसं तिचा ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे ढकलणारा दांडा) वाकवतात, आणि क्लिप भरताना अंगठा वेळेत काढला नाही तर नख काळं होतं. हे सगळं मान्य करूनही मी घ्या म्हटलं असतं. पण तुमच्या पत्रात गरँडला एक ओळ आहे आणि बाबांना सहा.

वडिलांचा धागा नसता तर माझं उत्तर आणखी वेगळं आलं असतं: स्विस के-३१. बोल्ट फिरवायचा नाही, नुसता मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा, घड्याळासारखं काम. आणि दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी उघडली की आत कधी कधी घडी केलेला कागद निघतो. त्यावर ती रायफल ज्याला दिली त्या सैनिकाचं नाव आणि तुकडी. माझ्या के-३१ मध्ये निघाला. तो कागद मी होता तसाच परत ठेवला.

तर एनफिल्ड. बाबा दहा म्हणाले असं धरून चालते.

नंबर वन की नंबर फोर, इथे मन एकीकडे आणि डोळे दुसरीकडे ओढतील. बाबांची नंबर वन: बोथट तोंडाची, नळीवर इंग्रजी व्ही किंवा यू आकाराची खाच, ती डोळ्यापासून लांब. दुसऱ्या महायुद्धातली नंबर फोर: मागची साइट डोळ्याजवळ, बारीक भोकाची, त्यातून नुसतं पाहायचं आणि मक्खी लक्ष्यावर ठेवायची. ४६ म्हणजे चाळिशी नाकावर आलेली असणार. खाच, मक्खी आणि लक्ष्य या तिघांना एकाच वेळी स्पष्ट बघणं या वयात जमत नाही. भोकाच्या साइटला खाचेची काळजीच करावी लागत नाही. निव्वळ नेमबाजीसाठी नंबर फोर सरस, यात मला शंका नाही. तरीही तुम्ही नंबर वनच घ्या. पन्नास-शंभर यार्डांवर कागदाच्या ताटाला भोकं पाडायला ती पुरते, आणि नंबर फोर हातात घेऊन बाबा म्हणतील, 'ही आमची नव्हे.' ईशापूरने नंबर फोर बनवलीच नाही.

ईशापूरची नंबर वन ओळखायची कशी? बोल्टच्या मागे, दस्त्याच्या मुळाशी जो लोखंडी भाग आहे त्याच्या उजव्या अंगाला शिक्के असतात. स्वातंत्र्याआधीच्या रायफलीवर मुकुट आणि जी-आर-आय ही अक्षरं, नंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आणि आर-एफ-आय. मॅगझिनच्या जरा पुढे लाकडातून आरपार गेलेला एक स्क्रू बऱ्याच भारतीय रायफलींना दिसतो. लाकूड चिरू नये म्हणून आपल्याकडे तो मारत. इथले संग्राहक त्याला नाक मुरडतात, त्यामुळे किंमत थोडी कमी होते. तुमचा फायदा. ईशापूरची चांगली मिळाली नाही तर ऑस्ट्रेलियातल्या लिथगोची बघा, मॉडेल तेच. एक सावधगिरी मात्र: अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांबरोबर खैबरखिंडीतल्या लोहारांनी घडवलेल्या एनफिल्डही इथे आल्या. शिक्के वेडेवाकडे, अक्षरं उलटी, एखादा आकडा आरशातला. त्या भिंतीवर छान दिसतात.

बघायला जाताना एक छोटी बॅटरी, एक पांढरा कागद आणि वेळ घेऊन जा. पहिलं, बोल्टचा नंबर आणि रायफलीचा नंबर जुळतो का. एनफिल्डचा बोल्ट त्या-त्या रायफलीला घासून बसवलेला असतो. दुसऱ्याचा बोल्ट घातलेली रायफल म्हणजे दुसऱ्याची कवळी. दुसरं, नळी. बोल्ट काढून, चेंबरपाशी कागद धरून त्यावर उजेड पाडा आणि तोंडाकडून बघा. काळपट असेल तर घाबरू नका, जुन्या नळ्या काळ्या असतात, पीळदार खाचांच्या कडा टोकदार दिसल्या म्हणजे झालं. कडाच गुळगुळीत झाल्या असतील, किंवा .३०३ च्या डमी काडतुसाची गोळी नळीच्या तोंडात पुंगळीपर्यंत सरळ आत जात असेल, तर नळी संपली; चहा पिऊन घरी या. तिसरं, लाकूड. पुढच्या दस्त्याचा मागचा टोकाचा भाग जिथे लोखंडाला टेकतो तिथे धक्का बसतो, तिथेच लाकूड तेलाने मऊ होऊन चिरतं. तिथे चीर असेल तर रायफल कितीही चकचकीत असो, गोळ्या कागदभर पसरतात.

आणि चकचकीत रायफलीचा संशय घ्या. कोणीतरी सँडपेपरने घासून वर व्हार्निश मारलेलं लाकूड म्हणजे शिक्के गेले, कडा गेल्या, आणि संग्राहकाच्या लेखी अर्धी किंमत गेली. तुम्हीही ते करू नका. ओल्या फडक्याने पुसायचं, वाळू द्यायचं आणि तळहाताने जवसाचं तेल चोळायचं. थोडं, आणि मग महिनाभर पुन्हा काही नाही. जुने सैनिक हेच करायचे.

घेतल्यावर, पहिली गोळी उडवायच्या आधी, गनस्मिथकडून हेडस्पेस तपासून घ्या. बंद बोल्ट आणि काडतुसाचं बूड यांच्यात किती फट आहे ते तो गेजने मोजतो. थोडेच डॉलर लागतात आणि यावर मी कोणाचंही 'अहो, मी पन्नास गोळ्या मारल्यात, काही झालं नाही' ऐकून घेत नाही. काडतुसं भरताना मात्र उस्तादांचा धडा आठवा: .३०३ च्या बुडाला कडा असते, वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे पाहिजे, नाहीतर अडकतं. बाबा हे हात न बघता करत असतील.

बाबा बारा म्हणाले तर मात्र जाहिरातीतल्या माणसाला फोन करा, ही .३०३ नाही असं शांतपणे सांगा आणि किंमत पाडून मागा. ७.६२ जवळपास सगळीकडे मिळते. ती नाटो दर्जाचीच घ्या, शिकारीची जोरदार .३०८ नको, आणि हेडस्पेस इथेही तपासायचंच.

मेव्हण्याच्या नावाने तुम्ही घेणं: नाही. अगदी सरळ नाही. दुकानात तुम्ही जो ४४७३ नंबरचा फॉर्म भराल त्यात खरा खरेदीदार मीच, असं लिहून द्यायचं असतं. दुसऱ्यासाठी घेऊन तसं लिहिलं तर तो केंद्रीय गुन्हा. शिवाय एच-१बी हा नॉन-इमिग्रंट व्हिसा. त्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि रेंजवर भाड्याची रायफल पाच मिनिटं हातात धरणं हेही बाळगणंच. याला मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक मी खाली लिहिते. मेव्हण्याने इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय काहीही करू नये; ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या माणसाने असल्या गमतीत नोकरी आणि देश दोन्ही घालवू नये.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला चूक वाटत नाही, त्यामुळे त्यांना कसं पटवायचं हे सांगणार नाही. त्यांना रायफलीपेक्षा त्या वस्तूची घरातली जागा खटकत असावी. बोल्ट-ॲक्शनचं बरं हे की बोल्ट काढला की उरते ती लाकूड-लोखंडाची काठी. रायफल कुलूपबंद तिजोरीत, बोल्ट दुसऱ्या कुलपात, काडतुसं तिसरीकडे, आणि बोल्टच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे. तुम्हाला रेंजवर जायचं असेल तेव्हा मागा. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागेल अशी उडवायच्या स्थितीतली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे, पण हे कायद्यासाठी करू नका. तिजोरीचे पैसे बाराशेतूनच काढा आणि आधी काढा. ती घरात आल्यावर रायफल बघायला जा.

रेंजवर दोन गोष्टी: कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. आणि बंद छताच्या रेंजवर बहुधा गोळ्यांना चुंबक लावून बघतात, पोलादी गाभ्याच्या चालत नाहीत. उघडी रेंज शोधा.

आता बाबा. तुम्हाला वाटतंय की दिवाळीत ते आले, तुम्ही तिजोरी उघडली आणि त्यांच्या हातात रायफल दिली. ते बी-२ म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसावर येतील. तोही नॉन-इमिग्रंट. म्हणजे मेव्हण्याला जो कायदा, तोच त्यांना. तीस वर्षं सरकारची रायफल खांद्यावर वागवलेल्या हवालदाराला टेक्सासमध्ये मुलाच्या घरात ती धरता येणार नाही. भारतात नेऊन दाखवायचा विचार तर सोडूनच द्या; .३०३ तिथे 'प्रतिबंधित बोअर', म्हणजे मनाई असलेल्या मापाची नळी, आहे, सामान्य माणसाला मिळत नाही. म्हणून तर आपल्याकडे शेतकरी आणि शिकारी .३१५ वापरायचे.

अपवाद म्हणाले होते तो हा: त्या माणसाकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना असेल तर ही मनाई लागू होत नाही. टेक्सास परराज्यातल्या आणि परदेशातल्या माणसांनाही असा परवाना देतं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी शिकारीचा कोर्स करावा लागतो. तुमचे बाबा त्याच्या कितीतरी आधीचे, त्यांना तो लागत नाही. परवान्याचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपतं, त्यामुळे दिवाळीला आल्या-आल्या काढला तर मुक्कामभर पुरेल. वकिलाकडून एकदा खात्री करून घ्या, परवान्याची रंगीत प्रत काढून त्यांच्या खिशात ठेवा.

आयुष्यात त्यांनी चिमणी मारली नसेल. परवान्यावर मात्र शिकारी म्हणून त्यांचं नाव येईल. फोनवर गोळ्यांचा आकडा विचाराल तेव्हा हेही सांगून ठेवा, आणि काय म्हणाले ते मला कळवा. दोन्ही उत्तरं.